बाब क्रमांक सात

एल्डरब्रुकच्या नगरसभेत
एकोणीस वर्षं मी इतिवृत्त लिहिते आहे.
कोण बोललं, किती मिनिटं,
सूचक कोण, अनुमोदक कोण.
कोण रडलं, हे लिहायचं नसतं.

तीन हिवाळे आम्ही एकाच नकाशावर भांडलो.
टोरांटोची गाडी इथवर येणार,
स्थानकाभोवती आठशे मीटरचं वर्तुळ,
आणि त्या वर्तुळात माणसं किती उंच रचायची,
एवढाच प्रश्न.
हेंड्रिका व्होस्कइल म्हणाली, चार मजले.
तिच्या ट्यूलिपना ऊन लागतं.
अल्मेरिंदा कूतो, नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानाची,
म्हणाली, वीस करा की,
माझं भाडं तेवढं आहे तसं ठेवा.
(हशा), असं मी कंसात लिहिलं.
नगररचनाकार डुगल इन्स रंगीत पेन्सिली घेऊन यायचा.
पिवळी घरं, नारिंगी दुकानं,
बाही कोपरापर्यंत हिरवी.

शेवटी आठ.
खाली दवाखाना, एक चिंचोळी बाग,
शंभरातली वीस घरं परवडणाऱ्या भाड्याची.
सहा विरुद्ध तीन.
हेंड्रिका हरली, आणि त्या रात्री तिनेच डुगलला
आपल्या गाडीतून घरी सोडलं,
बर्फ फार पडत होतं म्हणून.

सोमवारी पत्र आलं.
दीड पान. खाली प्रांताच्या मंत्र्यांची सही,
एक अक्षर लागेल तर शपथ.
आठच्या जागी बेचाळीस.
दवाखान्याच्या जागी स्वल्पविराम.
सुनावणी नाही, अपील नाही.
जमिनीचा गट क्रमांक मात्र बिनचूक.
तो गट ऑगस्टमध्येच कुणी घेऊन ठेवला होता,
हे मला ठाऊक होतं.
नोंदवही माझ्याच कपाटात असते.
मला कुणी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

मंत्री एकदाच आले, कुदळ मारायला.
म्हणाले, लोकांना घरं हवीत
आणि तुम्ही फुलं मोजत बसता.
खोटं कसं म्हणू?
माझा मुलगा चौतीस वर्षांचा,
माझ्याच तळघरात राहतो,
पायांचा आवाज होऊ नये म्हणून मोजे घालून वर येतो.
मी टाळी वाजवली नाही.
हात खिशात होते. थंडी होती.

पुढच्या सभेत बाब क्रमांक सात :
पत्राची नोंद घेणे.
नाकारणे नव्हे, स्वीकारणेही नव्हे. नोंद घेणे.
अल्मेरिंदा मागच्या रांगेत उभी राहिली
आणि तीन मिनिटं पोर्तुगीजमध्ये बोलली.
अध्यक्षांनी घड्याळ लावलं होतं, ते वाजलं.
मी लिहिलं : एका नागरिकाने मत मांडले.

दुकान गेलं. यंत्रं ट्रकवर चढली,
एकातून कुणाचा तरी ओला मोजा लोंबत होता.
डुगलने नोकरी सोडली, पेन्सिली इथेच ठेवून.

यंदा दुसरं पत्र. अर्धं पान पुरलं.
गाडी इथवर येणार नाही.
तूर्त, असा शब्द आहे.
मांडव बेचाळीस मजली
आणि वऱ्हाडाचा पत्ता नाही.

मुलाला एकतिसाव्या मजल्यावर खोली मिळाली.
कामावर जायला सव्वा तास, स्वतःची गाडी, कर्ज काढून.
रात्री फोन करतो,
आई, तुझ्या स्वयंपाकघरातला दिवा दिसतो इथून.
बरं वाटतं मला. हेही कुठे लिहू?

काल सभा संपता संपता हेंड्रिका उठली.
म्हणाली, माझ्या वाफ्यावर सावली किती वाजता येते,
तेवढं इतिवृत्तात घ्या.
अध्यक्ष म्हणाले, विषयपत्रिकेवर नाही.
ती बसली नाही.

सूचक नाही. अनुमोदक नाही.
दोन वाजून दहा मिनिटं,
मी लिहिलं.